दुधाचा ताप

ता. ४, सोमवार

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

आज माझे पाय जमिनीवर नाहीत! बाळंतिणीला ताप, हुडहुडी, नाडी जलद असं दिसलं की जंतू मारणारं पहिलं इंजेक्शन आता आम्ही नर्सनीच द्यायचं. डॉक्टर तीन दवाखाने सांभाळतात. ते येईपर्यंत विष अंगभर भिनायचं. जिल्ह्याहून आलेल्या मोठ्या डॉक्टरीणबाईंनी औषधाच्या कपाटाची किल्ली माझ्या हातात दिली, ती मी उशाखाली घेऊन झोपते. हसायचं तर हस.

तुझी लेक मोकळी झाली का? सुईणीला साबणाने हात धुवायला लाव. पत्र औषधांच्या जीपबरोबर देते आहे.

लोभ आहेच, त्यात भर घाल.
तुझी धाकटी

ता. ७, गुरुवार

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

मुलगी झाली! नाक थेट तुझं, बिचारीचं. सुईण म्हणाली, तिचे हात काय आजचे आहेत? साध्या पाण्याखाली धरले एकदाचे.

लेकीला परवापासून ताप आहे, काल हुडहुडी भरली. पोट दुखतं, अंगावरून जातं त्याला वास येतो म्हणून लाजते. दूध उतरताना ताप यायचाच, आपल्या आईलाही यायचा. उगाच जीप पाठवू नकोस. माझा पाय प्लास्टरमध्ये आहे, नाहीतर येऊन तुझा रुबाब पाहिला असता.

आशीर्वाद मागायला नकोत, आहेतच.
तुझी ताई

ता. ९, शनिवार

ती. ताईस,
सा. न.

तुझं पत्र वाचलं आणि तुला न विचारता लेकीला आणायला जीप उलट पावली पाठवली, रागावू नकोस. दुधाने छाती भरून अंग कोमट होतं, पण पोट दुखत नाही की वास येत नाही. लेक आली तेव्हा मला ओळखतही नव्हती. मी कपाट उघडलं, सलाईन लावलं, इंजेक्शन दिलं. डॉक्टर दुसऱ्या दिवशी पोचले. म्हणाले, त्यांची वाट पाहिली असती तर ही हाती लागली नसती. मी बाहेर जाऊन खूप रडले. आणि ताई, आता ताप उतरलाय, तिने बाळाला पाजलं आणि जेवायला मागते आहे!

माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी धाकटी

ता. १२, मंगळवार

चि. धाकटीस,
आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं. माझ्या शहाणपणापायी लेक गेली असती. मग काठी घेतली आणि प्लास्टरसकट वस्तीतल्या प्रत्येक बाळंतिणीच्या कपाळाला हात लावून आले. सुईण साबण घेऊन माझ्या मागे.

सुताराची सून तापाने फणफणली आहे. सासू म्हणाली, दुधाचा ताप आहे. मी तिला सांगितलं, परवापर्यंत मीही हेच म्हणत होते. सून याच जीपमध्ये आहे. उत्तर सवडीने लिही, आधी तिला बघ.

तुझी ताई