हाड मोडायची परवानगी

चि. धाकटे,

थोरलीचे पोटभर आशीर्वाद. तुझी कंबर काय म्हणते? भावोजींचा खोकला थांबला की अजून शेजाऱ्यांना उठवतो? माझं म्हणशील तर उजवा हात प्लॅस्टरमध्ये आहे. पत्राला त्याने काही अडत नाही, कारण तो धड होता तेव्हाही मी कधी अक्षर काढलं नाही. नेहमीसारखी मी बोलते आणि सूनबाई लिहिते. (तिची स्तुती आली की सावकाश लिहिते, निंदा आली की पेन चालत नाही म्हणते. तू दोन्हीकडे थोडं थोडं वाढवून वाच.)

थोरली परदेशात जाऊन आपटली हे तुझ्या कानावर आलंच असेल. खरं आहे. पण काळजी करू नकोस, सगळं निभावलं. कसं निभावलं ते ऐक, म्हणजे मलाही पुन्हा एकदा हुश्श म्हणता येईल.

तर मूळ त्या कार्डात आहे. आमच्या बाळाला (टक्कल पडलं म्हणून बाळ व्हायचा थांबतो का?) बँकेने एक क्रेडिट कार्ड दिलं आणि त्याबरोबर प्रवासाचा विमा फुकट. फुकट म्हटलं की त्याचे कान टवकारतात, हे तुला मी काय सांगू! सूनबाई म्हणत होती, अहो, वेगळा विमा काढू या, निदान याच्या अटी तरी वाचा. हा म्हणाला, "फुकटच्या वस्तूला कसल्या आल्यात अटी?" आणि कार्ड पुन्हा कपाटात, प्लॅस्टिकच्या पिशवीत. वापरलं तर बिल येईल ना! पाहुण्यांसाठी राखलेल्या कपबश्यांसारखं. पाहुणे येतात, जातात, आणि आपण आपले कान तुटलेल्या कपातून चहा पितो. दोघांची तिकिटं त्याने एका एजंट मित्राकडून रोख पैसे मोजून काढली, रोखीला सूट मिळते म्हणून.

मी आधी येणारच नव्हते. माझे गुडघे, माझ्या कुंड्या, माझ्या मालिका. नातवंडं परीक्षेमुळे मामाकडे राहणार होती, मी घर सांभाळणार होते. पण निघायच्या आदल्या आठवड्यात सूनबाईने माझी तपकिरी शाल स्वतःच्या बॅगेत भरताना मी पाहिली. (विचारून घेतली होती असं ती आत्ता म्हणते आहे. लिही, लिही.) आता शालीला एकटीला परदेशात कसं पाठवायचं? मी म्हटलं, मीही येते. तोवर एजंटाकडची स्वस्त तिकिटं संपलेली. सूनबाईने नवऱ्याला न विचारता कार्ड पिशवीतून काढलं आणि घरी बसल्या बसल्या माझं तिकीट काढलं, तेही भारी भावाचं. बाळ दोन दिवस घुम्यासारखा बसला होता.

तिथे एक मोठी इमारत पाहायला गेलो. छतावर चित्रं. जो तो म्हणतो वर बघा. मी वर बघितलं. पायरी खाली होती.

दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, मनगटाचं ऑपरेशन करावं लागेल. खिडकीवरच्या बाईने खर्च सांगितला तसं बाळाने ऐटीत कार्ड पिशवीतून काढलं आणि विमावाल्यांना फोन लावला. पलीकडची मुलगी साखरेसारख्या आवाजात म्हणाली, "तिकिटं याच कार्डावर काढली होती ना सर? नाहीतर विमा लागू होत नाही."

धाकटे, माझ्या लेकाला घाबरून रोख मोजलेली तिकिटंच तेवढी आठवली, त्याचा चेहरा तेव्हा पाहवेना. मी म्हटलं, "राहू दे रे बाळा, डाव्या हाताने जेवीन. उजव्याने तरी कुठे सह्या करत होते?" तर तो म्हणाला, "गप्प बस, आई. घर विकेन, पण हात नीट करीन." आणि भिंतीकडे तोंड फिरवून उभा राहिला. मस्करी करायची माझीही हिंमत झाली नाही.

तेवढ्यात सूनबाई हळूच म्हणाली, "अहो, आईंचं तिकीट कार्डावर आहे."

अख्ख्या कुटुंबात हाड मोडायची परवानगी एकटीला होती, आणि पडलेही नेमकी मीच! ऑपरेशन झालं, विमावाल्यांनी भरपाई केली, हात जागेवर आला. पुढचे सगळे दिवस मी गळ्यात हात अडकवून ऐटीत फिरले आणि हे दोघं कठडे धरून, नुकतं चालायला लागलेल्या पोरांसारखे. बाळाने तर वर बघायचंच सोडलं.

सर्वांना आशीर्वाद. जपून चाला.

तुझी,
थोरली

ता. क. – आता खरं काम. पुढच्या वर्षी पुन्हा जायचं ठरतंय आणि तू माझ्याबरोबर यायचंस. बाळ विचारील तेव्हा साफ नाही म्हण. कंबर पुढे कर. शेवटच्या आठवड्यात हो म्हण, म्हणजे तुझंही तिकीट कार्डावर निघेल.

ता. क. – मावशी, हे माझं, सुनेचं. नाही म्हणू नका. या वेळी सगळ्यांची तिकिटं मी कालच कार्डावर काढली, आणि अटी वाचून वेगळा विमासुद्धा घेतला. यांना आणि आईंना इतक्यात सांगू नका, नाटक करण्यात दोघांचं वर्ष छान जाईल.

ता. क. – मी गप्प असताना सूनबाई बराच वेळ लिहीत होती. काय लिहिलंस विचारलं तर म्हणते, पत्ता. पत्ता पाकिटावर असतो एवढं अडाणी बाईलाही कळतं. पण तिने जे काय लिहिलं असेल ते ऐक. मागच्या वेळी तिने न विचारता केलं म्हणून माझा हात आहे.