टॉवेल पांढरा निघेपर्यंत

वणी,
९ ऑक्टोबर २०२५

प्रिय शीलाताई,

नमस्कार. तुम्ही आणि भाऊजी बरे असाल. इकडे आम्ही ठीक आहोत. आईंचे गुडघे दुखतात ते दुखतातच, पण सोमवारी कोजागिरीला हट्टानं गच्चीवर चढल्या आणि सगळ्यांच्या आधी दुधाचा पेला रिकामा केला. तुमच्या दादांच्या ऑफिसात नवीन साहेब आलेत, त्यामुळे त्यांना घरी यायला उशीर होतो. कोळशाचे ट्रक आता आपल्या गल्लीच्या तोंडाशीच वळतात. सकाळी पुसलेली खिडकी दुपारी काळी. तुमच्या लग्नाआधी एवढं नव्हतं.

पत्र पाहून तुम्ही हसाल. "वहिनी कोणत्या जमान्यात राह्यते?" म्हणाल. पण फोन केला की तुम्ही स्पीकर लावून भाजी चिरता, आणि मला तर घरात कुणी नसताना बोलायचं होतं. मेसेजचं म्हणाल तर दोनदा लिहिला आणि दोनदा पुसून टाकला. कागद पोस्टाच्या पेटीत पडला की परत काढता येत नाही.

माझ्या गुंजनचा दसऱ्याचा फोटो पोचला. हातात सोनं घेऊन तुमच्या दारात उभी आहे तो. मी तो मोठा करकरून पाहिला. कपाळ स्वच्छ, हनुवटीवर एकदोन पुळ्या, गालांवर फिकट तपकिरी डाग उरलेत तेवढे. पोरगी कॅमेऱ्याकडे सरळ पाहते आहे. गेल्या तीन वर्षांतला तिचा एक फोटो काढून दाखवा, ज्यात तिनं मान खाली घातलेली नाही किंवा केस गालावर ओढलेले नाहीत.

मला आनंद व्हायला हवा होता. खरं सांगते, आधी तो झाला नाही. आधी राग आला. तुमचा.

ऑगस्टमध्ये तुम्ही फोनवर मला सगळं सांगितलं होतं, ती तुमच्याकडे राहायला आल्यापासून काय काय करते ते. सकाळी साध्या फेसवॉशनं, नुसत्या बोटांनी तोंड धुवायचं. टिपून घ्यायचं, पुसायचं नाही. चेहरा ओलसर असतानाच ते बिनवासाचं मॉइश्चरायझर लावायचं. बाहेर पडताना सनस्क्रीन. रात्री परत तसंच, आणि डॉक्टरांनी सांगितल्यापासून एक दिवसाआड ते पुळ्यांचं जेल. मी विचारलं, "एवढंच?" तुम्ही म्हणालात, "एवढंच, वहिनी. बाकी हात लावाचा नाई आन धीर धराचा. तुमी काहून इतकं घासत होत्या तिले?"

तुम्ही सहज विचारलंत. मी तेव्हा "नेटवर्क नाही" म्हणून फोन ठेवला. नेटवर्क होतं.

आज उत्तर देते.

शीलाताई, २००४ साली तुम्ही सगळे मला पाहायला ढाणकीला आला होतात. तुम्ही तेव्हा कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होतात, कानात लांब डूल होते. मी पोह्यांच्या बशा ठेवून आत गेले आणि दाराआड उभी राहिले. तुम्ही हळू बोललात, पण आमची बैठक लहान होती. "दादा, पोरीच्या गालावर पाह्यलं का? याच्यापेक्षा तं आपला वणीचा रोड बरा."

सगळे हसले. माझे मामासुद्धा हसले. तुमचे दादा हसले नाहीत, म्हणून मी या घरात यायला हो म्हटलं. तुम्हाला हे आठवतही नसेल. बोलणाऱ्याला कशाला आठवेल? तुम्ही एकोणीस वर्षांच्या होतात, मीही त्या वयात कुणाला तरी काही बोलले असेन. पण एकवीस वर्षांत मी ज्या ज्या वेळी आरशासमोर कुंकू लावलं, त्या त्या वेळी मला तो रोड दिसला आहे.

म्हणून सातवीत गुंजनच्या कपाळावर पहिली पुळी आली तेव्हा मी तिला खिडकीच्या उजेडात ओढून नेलं. बाकीच्या आयांना दिसते ती पुळी. मला ढाणकीची बैठक दिसली.

मला वाटलं, ही वणीची धूळ आहे. कोळशाची काळी धूळ पोरीच्या कातडीत जाऊन बसते आणि तिथे कुजते. मी पांढरा टॉवेल ओला करून तिच्या तोंडावरून फिरवला तर तो काळा निघाला. झालं. माझा पुरावा मिळाला. तेव्हापासून सकाळी, शाळेतून आल्यावर आणि झोपताना मी बेसन, लिंबू लावून तिचं तोंड घासायची आणि मग टॉवेलनं पुसायची, टॉवेल पांढरा निघेपर्यंत. आपल्या गावात पांढरा टॉवेल दोरीवर वाळत घातला तरी काळा होतो, हे मला कळत नव्हतं असं नाही.

"आई, आग होते."

"होऊ दे. आग झाली म्हंजे मळ निघून राह्यला."

"मळ नाई राह्यला आता, कातडं निघून राह्यलं."

"तोंड बंद ठेव, बेसन जाईल."

थंडीत तिच्या ओठांच्या कडेला भेगा पडायच्या. एकदा तिनं आईंच्या डबीतलं व्हॅसलिन घेऊन गुपचूप गालांना लावलं. मी ते पुसून काढलं. "तोंड आधीच तेलकट, त्यात आणखी चोपडतं कायले?" आई मध्ये पडल्या. म्हणाल्या, "अवं, पोरीचं तोंड हाये, पितळेचं भांडं नाई." मी त्यांनाही गप्प केलं. मला वाटायचं, कोरडं पडलं की बरं होतं. तुमच्या डॉक्टरबाई म्हणाल्या ना, घासून घासून वरचा थरच गेला आहे, त्वचा कोरडी पडली की जास्त चिडते, पुळ्यांच्या चेहऱ्यालाही ओलावा लागतो. मी शिकलेली बाई. पोरीच्या तोंडाला ओलावा लागतो, हे मला परक्या बाईनं सांगावं लागलं.

इथपर्यंतचं तुम्हाला थोडंफार माहीत आहे. पुढचं माहीत नाही. पुढचं लिहिण्यासाठीच हा कागद घेतला आणि तीन पानं इकडचंतिकडचं लिहीत बसले.

त्या ट्यूबबद्दल आहे.

मे महिन्यात गुंजनचं तोंड लालबुंद झालं, सुजलं, उन्हात पाऊल टाकलं की भाजल्यासारखं व्हायचं, तेव्हा आपण तिला तुमच्या यवतमाळला दाखवायला नेलं. डॉक्टरबाईंनी दोन मिनिटांत ओळखलं. हे स्टिरॉइडचं मलम आहे, पुळ्यांचं औषध नाही, आधी चेहरा उजळतो आणि बंद केलं की असा उलटतो. मग त्यांनी विचारलं, "हे कुणी दिलं?" खोलीत आपण चौघंच होतो: तुम्ही, तुमचे दादा, मी आणि ती.

गुंजननं माझ्याकडे पाहिलं. मी पर्सची चेन उघडली. आत काहीतरी शोधल्यासारखं केलं. मग ती म्हणाली, "मीच आणली, मेडिकलमधून."

ती तिनं आणली नव्हती. मी आणली होती.

माझ्या भाचीचं एप्रिलमध्ये ढाणकीला लग्न होतं. माझं सगळं माहेर जमणार होतं, त्यात ते मामाही. समोरच्या कौसल्याबाईंनी सांगितलं, त्यांच्या जावेच्या पोरीचं तोंड या मलमानं पंधरा दिवसांत काचेसारखं झालं. मी मार्चमध्ये, पोरीची दहावीची परीक्षा चालू असताना, चिठ्ठीशिवाय ट्यूब आणली. मेडिकलवाल्यानं काही विचारलं नाही, मीही काही विचारलं नाही. रोज झोपताना माझ्या हातानं लावली. "पप्पाले सांगू नको," असंही मीच म्हटलं. आणि खरंच तोंड उजळलं हो. लग्नात सगळ्या म्हणाल्या, "प्रेरणाची पोरगी कशी निघाली!" मामांनी तिच्या गालाला हात लावून आशीर्वाद दिला. तो दिवस मी कसा मिरवला ते काय सांगू! पोरीपेक्षा मीच जास्त मिरवले.

डॉक्टरांच्या दवाखान्याबाहेर तुमच्या दादांनी तिला सगळ्यांसमोर काय काय ऐकवलं ते तुम्ही ऐकलंत. मोबाईल काढून घेतला. तुम्ही म्हणालात, "आजकालच्या पोरी मोबाईलवर पाहून काईबी लावतात." यावर मी गप्प बसले असते तरी एक वेळ चाललं असतं. मी म्हटलं, "हो ना. ऐकतच नाही."

हे चार शब्द माझे आहेत, शीलाताई. ते तुमच्या रोडपेक्षा वाईट आहेत.

गाडीत ती खिडकीकडे तोंड करून बसली होती. यवतमाळ मागे पडलं तशी हळूच म्हणाली, "मी आत्याकडे राहीन अकरावीले." तुम्हाला वाटलं, कॉलेज चांगलं म्हणून आली. तुमच्या दादांना वाटलं, लाज वाटली म्हणून गेली. मी तर बायाबायांत सांगते, वणीच्या धुळीपासून लांब ठेवलं.

रविवारी तुमचा फोन आला की ती दिवाळीला यायचं नाही म्हणते. तुम्ही म्हणालात, "मी चांगली झापली तिले. म्हटलं, सोताच्या हातानं थोबाड बिघडवलं, आईबापाच्या जिवाले घोर लावला, आन आता वरून तोरा कायचा?" मी विचारलं, ती काय बोलली. "काय बोलते! तोंड धुतलं, क्रीम लावलं आन झोपली."

पाच महिने झाले. पोरगी माझ्या वाट्याचं ऐकून घेते आहे, आणि वर मुकाट्यानं तोंडाला क्रीम लावते आहे. तिनं समोर बसून मला शिव्या दिल्या असत्या तरी इतकं लागलं नसतं. इथे मी शंभर किलोमीटरवर बसून चकल्यांची भाजणी भाजते.

हे सगळं तुमच्यावर ढकलायला लिहीत नाही. थोडं ढकलायलाही लिहिते, खोटं कशाला बोलू? तुम्ही माझ्या पोरीचं तोंड बरं केलंत, त्याचे उपकार फिटणार नाहीत, आणि ते नेमकं तुम्ही करावं हे मला अजून गिळता येत नाही. दोन्ही खरं आहे.

तिला दिवाळीला पाठवू नका. आग्रह करू नका, आईची शपथ वगैरे घालू नका. तिला झापणं तेवढं आजपासून थांबवा. तुमच्या दादांना मी उद्या सकाळी सांगणार आहे, हे पत्र पेटीत टाकून आल्यावर. आधी सांगितलं आणि ते ओरडले, तर माझं पत्र घरातच राहील, मला माहीत आहे.

तिनं पत्र मागितलं तर द्या. तिनं नाही मागितलं तरी टेबलावर ठेवा.

तुम्ही म्हणाल, दोन-अडीच तासांचा रस्ता, वहिनी, येऊन तिच्यासमोर का नाही सांगत? यायला निघाले होते. मंगळवारी बसस्टँडवर जाऊन परत आले. मी समोर उभी राहिले की ती म्हणणार, "जाऊ दे आई, मीच आणली होती." तिला तशी सवय झाली आहे. आणि मला भीती वाटते, मी तेही ऐकून घेईन.

तुमची,
प्रेरणा