घाटातल्या मृत्यूचे ठिकाण

प्रति,
मा. जिल्हा निबंधक,
जन्म-मृत्यू नोंदणी विभाग,
जिल्हा कार्यालय, पहिला मजला.

विषय : वडिलांच्या मृत्युनोंदीतील ‘मृत्यूचे ठिकाण’ हा रकाना भरला जाण्याबाबत.

संदर्भ : १) घाटाअलीकडील नोंदणी कार्यालयाने खिडकीतून दिलेले तोंडी उत्तर.
२) घाटापलीकडील नोंदणी कार्यालयाचे लेखी पत्र.

महोदय,

अर्जदार पाणीपुरवठा कार्यालयात लिपिक आहे. रकाना रिकामा असलेले अर्ज परत करणे हेच त्याचे रोजचे काम असल्याने आपल्या नियमांविरुद्ध त्याची काही तक्रार नाही. हा अर्ज त्याने यापूर्वी दोनदा ‘मी’ असे लिहून सुरू केला होता. दोन्ही वेळा तो पुढे सरकला नाही. म्हणून खाली सर्वत्र ‘अर्जदार’ असेच लिहिले आहे, ते कृपया चालवून घ्यावे.

१. अर्जदाराचे वडील सरकारी इमारतीत लिफ्टमन होते. नोकरी लागली तेव्हा लिफ्टला जाळीचा दरवाजा होता, निवृत्त झाले तेव्हा आपोआप बंद होणारा आला होता. बाकी स्टूल तेच आणि मजलेही तेच. अर्जदार, त्याची पत्नी आणि मुलगी यांनी देशाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सायकलने जायचे ठरवले, तेव्हा वडिलांना न्यायचा विचारही कोणी केला नव्हता. तेच एका सकाळी जुनी सायकल पुसत बसले आणि म्हणाले, “जन्मभर वर-खाली केलं. आता जरा आडवा जाऊ दे की.” यावर कोण काय बोलणार? आईने तेवढे सांगितले, “जा बाबा, घेऊन जा. घरात राहिले तर रोज टोमणे मारतील.” ती स्वतः गुडघ्यांमुळे घरी राहिली.

२. वडिलांनी सपाटीचा मुलूख बाकीच्यांच्या बरोबरीने, किंबहुना पुढे राहून पार केला. गाव आले की हँडल सोडून हात वर करत आणि लिफ्टमधल्यासारखी हाळी देत, “चला, उतरणारे उतरा!” मुलगी हसून हसून रस्त्याकडेला जाई. पुढे त्यांचाही गुडघा सुजला. परत पाठवतो म्हटल्यावर ते दिवसभर जेवले नाहीत. तेव्हा अर्जदाराने आपल्या सायकलमागे जोडायची दोन चाकांची गाडी तयार करवून घेतली आणि तीत खुर्ची बसवली. वजन चाकांवर नीट यावे म्हणून खुर्ची पाठमोरी ठेवावी लागली. त्यामुळे अर्जदाराच्या पाठीला वडिलांची पाठ असे. “पुढचं तू बघ, मागे गेलेलं मी बघतो,” असे ते म्हणत. अर्जदाराला ते दिसत नसत, ही बाब या प्रकरणी महत्त्वाची आहे.

३. घाटाच्या दिवशी क्रम असा होता : सर्वांत पुढे पत्नी, मध्ये अर्जदार व मागे जोडलेली गाडी, शेवटी मुलगी. चढ खडा होता. वडील सकाळपासून अखंड बोलत होते. मैलाचे दगड, ट्रकांच्या मागे लिहिलेली वाक्ये, चौथ्या मजल्यावरच्या साहेबांचा विसराळूपणा, एकदा लिफ्ट अडकली तेव्हा आत गाणे म्हणणारी टायपिस्ट बाई. एरवी हे ऐकायला अर्जदाराला आवडते. त्या दिवशी त्याच्या मांड्या भरून आल्या होत्या, छातीचा भाता झाला होता आणि मागचे वजन त्याला क्षणोक्षणी जाणवत होते. तो मान न वळवता ओरडला, “बाबा, आता जरा गप्प बसाल का? ओढायचं मला आहे!”

वडील गप्प बसले.

अर्जदार येथे नमूद करू इच्छितो की त्या शांततेने त्याला बरे वाटले. तो माथ्यापर्यंत न थांबता गेला. माथ्यावर आपल्या दोन कार्यालयांची हद्द दाखवणारा खांब आहे, तोही त्याने थांबून पाहिला नाही. उतार सुरू झाला आणि पायांना सुख लागले. उतरून खाली टपरीजवळ पत्नी थांबली होती. अर्जदाराने सायकल उभी केली आणि समोर बघतच विचारले, “बाबा, चहा घेणार?” उत्तर आले नाही. पुन्हा विचारले. मग तो म्हणाला, “रुसलात का आता?” हे वाक्य टपरीवाल्यानेही ऐकले. पत्नी मागे गेली आणि तिचा चेहरा पाहून अर्जदार वळला.

४. जवळच्या दवाखान्यातील डॉक्टरांनी हृदयक्रिया बंद पडल्याचे सांगून दाखल्यावर ‘आणण्यापूर्वीच मृत’ असे लिहिले. कधी, कुठे, ते त्यांना सांगता आले नाही. सांगायला हवे होते अर्जदाराने. अंत्यसंस्कार तेथेच झाले. आईला शेवटचे दर्शनही घडले नाही.

५. यानंतर अर्जदार नोंदीसाठी घाटापलीकडील कार्यालयात गेला. तेथे विचारले गेले, “आमच्या हद्दीत आले तेव्हा जिवंत होते का?” अर्जदार म्हणाला, माहीत नाही. “मग अलीकडच्या कार्यालयात जा.” अलीकडच्या कार्यालयात विचारले गेले, “आमच्या हद्दीतून बाहेर पडले तेव्हा मेलेले होते का?” अर्जदार म्हणाला, माहीत नाही. “मग पलीकडे जा. आमच्या हद्दीतून माणूस बसून गेलाय, झोपून नाही.” या रीतीने वडिलांना घेऊन एकदाच ओलांडलेला घाट अर्जदाराने त्यांच्या पश्चात कितीतरी वेळा बसने ओलांडला. एका कर्मचाऱ्यांना दया आली. ते हळूच म्हणाले, “साहेब, दवाखाना लिहून टाका ना. कोण बघतंय?” अर्जदाराने ते लिहिले नाही. दवाखाना लिहिला तर वडील तेथपर्यंत जिवंत होते असे होईल आणि अर्जदार अलगद सुटेल. अलीकडची बाजू लिहिली तर ते त्याच्या ओरडण्याने गेले असे होईल. खरे सांगायचे तर अर्जदाराला मनातून तेच लिहायचे होते. घरी आल्यापासून तो तेच बोलत होता. पत्नीशी, आईशी, कार्यालयात, जिन्यात भेटणाऱ्या शेजाऱ्यांशीही. “मी गप्प केलं म्हणून गेले.” पत्नी म्हणायची, “अहो, पुरे आता.” पण पुरे होत नव्हते.

६. त्यानंतर संदर्भ क्र. २ चे पत्र आले. त्यात ‘मयतास अखेरचे जिवंत पाहणारी व्यक्ती असल्यास तिचा जबाब सादर करावा’ अशी अट होती. अर्जदाराने ते जेवणाच्या टेबलावर मोठ्याने वाचले आणि म्हणाला, “आता असा माणूस कुठून आणू?” मुलगी ताटावरून उठली, न्हाणीघरात गेली आणि तिने आतून कडी लावली. नळ सोडला. हाका मारून झाल्या, रागावून झाले. अखेर अर्जदार दाराला टेकून खाली बसला, तेव्हा ती आतून बोलू लागली. ती जे बोलली ते असे :

की, माथ्यावरचा खांब मागे पडला तेव्हा आजोबा जिवंत होते. तिच्याकडे तोंड करून बसले होते. पप्पा ओरडल्यापासून ते ओठांवर बोट ठेवून होते, आणि अंगठ्याने पप्पांच्या पाठीकडे दाखवून, गाल फुगवून, पप्पा कसे धापा टाकतात त्याची नक्कल करत होते. ती हसली. तेही आवाज न करता हसले. मग उतार लागला. एका वळणावर आजोबांची टोपी उडाली. त्यांनी ती धरायला हात उचलला नाही. मान एका बाजूला गेली. तिला वाटले, झोपले. टोपी रस्त्यात पडलेली तिला दिसली होती. थांबून उचलायला हवी होती. पण एवढ्या जोराचा उतार तिला पहिल्यांदाच मिळाला होता, ब्रेक दाबावासा वाटला नाही, म्हणून ती टोपीला वळसा घालून तशीच पुढे आली.

नंतर तिने विचारले, “मी थांबले असते, तुम्हाला हाक मारली असती, तर आजोबा वाचले असते ना?”

अर्जदार म्हणाला, “नाही गं. मुळीच नाही. तुझा काय संबंध?”

त्यावर ती म्हणाली, “मग तुम्ही ओरडलात म्हणून गेले, असं तुम्ही सगळ्यांना का सांगता?”

नळ वाहत राहिला. त्या दिवसापासून अर्जदाराने ते वाक्य घरात किंवा बाहेर उच्चारलेले नाही. मनात येते, तो भाग वेगळा.

७. वरील माहिती अर्जदाराने पलीकडील कार्यालयास कळवली. त्यांनी प्रथमच सौजन्याने बसायला खुर्ची दिली व सांगितले की हद्दीचा प्रश्न सुटला, नोंद त्यांच्याकडेच होईल. मात्र मुलीस दोन पंचांसमक्ष जागेवर हजर करून तिच्याकडून ते वळण दाखवून घ्यावे लागेल व टोपी पडल्यानंतर ती का थांबली नाही, हेही जबाबात यावे लागेल. नियमाने ते बरोबरच असेल. अर्जदार एकटा जाऊन माथ्यापासून खालपर्यंत रस्त्याच्या दोन्ही कडा पाहत चालला. वळणे पुष्कळ आहेत. टोपी सापडली नाही.

८. सबब विनंती की, मृत्यूचे ठिकाण ‘घाटरस्ता, उतरणीची बाजू’ एवढेच नोंदवावे आणि ते अर्जदाराच्या एकट्याच्या सहीवर मान्य करावे. जबाब हवाच असेल तर अर्जदाराचा घ्यावा. तो माथ्यावर थांबला नाही, त्याने मागे वळून पाहिले नाही, खाली आल्यावर बापाला रुसलात का म्हणाला, हे सर्व तो कितीही पंचांसमोर, कोणत्याही वळणावर उभा राहून सांगेल. मुलीस बोलावू नये. ती अलीकडे पुन्हा सायकल चालवू लागली आहे. सध्या गल्लीपुरती, आणि वारंवार ब्रेक दाबत.

नियमात हे बसत नसल्यास अर्ज फेटाळावा. दाखल्याअभावी आईचे कुटुंब-निवृत्तिवेतन अडकले आहे, ही गोष्ट खरी. पण हा मजकूर तिला वाचून दाखवला तेव्हा ती एवढेच म्हणाली, “राहू दे माझं पेन्शन. पोरीला त्या रस्त्यावर पुन्हा उभी करू नकोस.” पुढे म्हणाली, “आणि ते नक्कल करत गेले, हे मला आधी का नाही सांगितलंस?” मग पदराने डोळे पुसता पुसता हसली.

तरी योग्य तो निर्णय व्हावा. निर्णय कोणताही असला तरी अर्जदार तो मान्य करील.

आपल्या उत्तराची वाट पाहणारा,

(सही)
मयताचा मुलगा व मुलीचा बाप

दिनांक : पोचेवरील शिक्क्याप्रमाणे

सोबत :
१) डॉक्टरांचा दाखला.
२) संदर्भ क्र. २ च्या पत्राची प्रत.
३) अर्जदाराच्या आईचे संमतिपत्र (अंगठा).
४) प्रत्यक्षदर्शीचा जबाब : जोडलेला नाही. जोडणार नाही.