उजव्या पायासाठी प्रार्थना

ता. ४ ऑगस्ट
वॉर्ड, खिडकीजवळची खाट

प्रिय धाकटीस,

प्रभूमध्ये सलाम. वि. वि.

मंडळीची प्रार्थना देवाने ऐकली, असं सगळ्यांना सांग. काल प्रार्थना-गट गाडी करून आला, खाटेभोवती उभा राहिला, आणि खजिनदारांनी डोळे गच्च मिटून, भिंती हादरवत, माझा उजवा पाय प्रभूच्या हवाली केला. म्हणे गेले कित्येक रविवार हेच चाललंय. उजवा पाय ठणठणीत आहे. त्याला कधी काही झालंच नव्हतं. साखरेने सडलाय तो डावा, आणि येत्या सोमवारी गुडघ्याखालून कापणार आहेत तोही डावाच.

घोळ तुझाच, शिंपीणबाई. जन्मभर गिऱ्हाईक समोर उभं करून मापं घेतलीस आणि खडूची खूण आपल्या हाताप्रमाणे केलीस. किती जणांचे खिसे भलत्या बाजूला गेले! माझी पट्टीही समोर बसूनच बांधायचीस, आणि मंडळीला पाय सांगितलास तो तुझ्या बाजूचा. पण मी म्हणतो, इतके जण येऊन उभे राहिले, बँडेज पांढरं धोप दिसतंय, एकालाही डोळा उघडून बघावंसं वाटू नये?

पाळकसाहेब म्हणाले, दुःख ही देवाची शाळा आहे. मी आयुष्यभर शाळेत शिकवलं. पोराचा पाय कापून धडा देणारा मास्तर माझ्या शाळेत असता, तर मी त्याला पोलिसांत दिला असता.

वर्गात कविता चालीवर सुरू झाली की हाच डावा पाय टेबलाखाली ठेका धरायचा. दुपारचं ऊन बाकांवर पसरलेलं, शार्दूलविक्रीडिताची लांबलचक ओळ, शेवटच्या बाकावरची पोरंसुद्धा डुलतायत. आणि रविवारी हेच दोन पाय पायपेटीचा भाता दाबायचे. तेव्हा वाटायचं, गाणाऱ्यांच्या मागे आणखी कोणी उभा आहे. इथे हाक मारतो, तर पलीकडे रिकामी खोली. कोणी नाही गं तिकडे.

पायपेटी दुसऱ्या कोणाला द्या म्हणावं. आणि त्या गटाला परत पाठवू नकोस.

लोभ असावा, भेटीला येणाऱ्यांचा मात्र थोडा कमी व्हावा.

तुझा,
दादा

*

ता. ७ ऑगस्ट

प्रिय दादास,

प्रभूमध्ये सलाम. वि. वि.

घोळ माझा, कबूल. पण खिशांचं काढायची गरज नव्हती. तुझ्या लग्नातल्या कोटाचा खिसा बरोबर जागी होता, हे विसरलास.

चूक मी सभेत उभी राहून सांगितली. त्यावर पाळकीणबाई म्हणाल्या, कोणता पाय ते प्रभूला ठाऊक आहे, दुरुस्तीची जरुरी नाही. मी म्हटलं, मग इतकं ओरडून सांगता कशाला? तेव्हापासून माझ्याशी अबोला आहे. छान शांतता आहे.

पेटीवर डोळा असणारे तयारच आहेत. खजिनदारांच्या जावयाने एक कीबोर्ड आणलाय. बटण दाबलं की आपोआप ढोल वाजतो. अंत्यविधीच्या गीतालाही वाजला. तरी मी पायपेटीवर चादर घालून ठेवलीय.

दादा, तू लहानपणीही घाबरलास की जगाची टिंगल करायचास. दात काढायला गेलास तेव्हा डॉक्टरांच्या मिश्यांवर कविता केली होतीस. माझी कंबर बसमध्ये बसू देत नाही, नाहीतर तुझ्या उशाशी असते. तू म्हणतोस तिकडे कोणी नाही. मला यावर बोलता येत नाही. हाक मारायची सोडू नकोस, एवढंच.

गट येणार म्हणतोय. मी अडवलं, पण पुण्यकर्माला कोण अडवणार?

राग नसावा, असला तर पत्राने कळवावा.

तुझी,
धाकटी

*

ता. १९ ऑगस्ट

प्रिय धाकटीस,

प्रभूमध्ये सलाम. वि. वि.

पाय गेला. पण गेला असं त्याला कोणी सांगितलेलं नाही. तो दुखतो, त्याच्या अंगठ्याला खाज सुटते, आणि मनात एखादी चाल आली की ठेकाही तोच धरतो. डॉक्टर म्हणतात, मेंदूचा भ्रम आहे, जाईल. खाज मात्र खरीखुरी आहे आणि खाजवायला जागा नाही.

रविवारी तुझी पुण्यवान माणसं आली. खजिनदारांना दम लागला होता. खाट अर्धी मोकळी दिसली, तसे ते फतकल मारून बसले, नेमके माझ्या पायावर. मी किंचाळलो. पाळकसाहेबांनी प्रेमाने समजावलं की बंधू, तिथे काही नाही.

शेजारच्या खाटेवर एक खाटीक आहे. पोटात गाठ, तोंडात शिव्या. देव-बिव मानत नाही. त्याने खजिनदारांना इथे न लिहिण्याजोगं काहीतरी म्हणून उठवलं. माणसाच्या पायावर बसतोस, दिसत नाही का, असा त्याचा मथितार्थ होता. गट घाईघाईने आमेन म्हणून गेला. मग तो सलाइनची बाटली हातात धरून आला आणि कुठे खाजतंय विचारलं. मी सांगितलं. तो रिकाम्या चादरीवर खाजवू लागला. अजून वर का, अंगठ्याशी का, असं विचारत, एकदाही न हसता.

धाकटे, खाज थांबली. मी रडलो, लाज सोडून. आणि ते पूर्वीचं, पेटीवर बसल्यावर पाठीशी जाणवायचं ते, खाटेच्या पायथ्याशी होतं. आवाज नाही, धडा नाही, शाळा नाही. नुसतं जवळ होतं. हे पाळकसाहेबांना कळू देऊ नकोस. ते याचा उपदेश करतील आणि खाटकाला साक्ष द्यायला उभा करतील.

आज सकाळी त्याला ऑपरेशनला नेलं. जाण्याआधी त्याने बजावलं की गळा काढून प्रार्थना केलीस तर बघ. मी विचारलं, गाठ कोणत्या बाजूला? त्याने हात ठेवून दाखवलं. मी त्या हातावर हात ठेवला, डोळे उघडे ठेवून नीट बघून घेतलं, आणि तोंडातून एक शब्द न काढता तेवढंच वर सांगितलं. पलीकडे कोणीतरी ऐकत होतं.

तो अजून परतलेला नाही. त्याची चादर मी परिचारिकेकडून सरळ करून घेतलीय. कोणी बसू नये म्हणून तिकडेच बघत बसलोय.

माझ्यावर आहे तसाच लोभ त्याच्यावरही असू दे.

तुझा,
दादा

ता. क. पेटीवरची चादर काढ. भात्याला एक पाय पुरतो, आणि माझा उजवा, मंडळीच्या कृपेने, अजून ठणठणीत आहे.