चितकबरीची ओटी

९ मार्च १९७१
झाशीत पोचलो एकदाचे! दतिया गेटजवळ दोन खोल्या मिळाल्या, त्याही मराठी घरात. ह्यांची रेल्वेची नोकरी, आठवड्यातले पाच दिवस मऊरानीपुरला. मी इथे राणी. पाचवा महिना आहे. मागच्या खेपेला तिसऱ्यातच सगळं संपलं, म्हणून आता जिना चढले तरी ओरडा खाते. हे मूल मला हवंच आहे. घरमालकीण राधाबाईंचं घराणं पेशवाईत इकडे आलेलं. बोलतात मराठी, पण मधूनच हिंदीत घसरतात. मला बहू म्हणतात. खिडकीत त्यांचं एक फर्न आहे, हिरव्या पानांवर पांढरे पट्टे. पट्ट्यांमुळे त्या तिला चितकबरी म्हणतात. सांभाळायचं काम मी मागून घेतलं.

१४ मार्च
चितकबरीबाई नखरेल आहे. ऊन नको, वारा नको, पाणी रात्रभर भरून ठेवलेलंच हवं, माती ओली पण चिखल नको. कुंडीखाली परातीत खडे घालून पाणी ठेवलंय, म्हणजे हवा दमट राहते. राधाबाई मात्र मी पाणी घालताना दारात उभ्या राहून बघतात. मला ते बघणं मुळीच आवडत नाही.

२० मार्च
राधाबाईंनी ओटी भरली. खण, नारळ, पसाभर तांदूळ. वर बजावलं, की आपल्या ओटीचे तांदूळ आपणच शिजवून खायचे, दुसऱ्या कुणाच्या तोंडी घालायचे नाहीत. जसं काही मला ठाऊकच नाही! पण भाताच्या वासानंसुद्धा मळमळतं, त्याला काय करू?

२८ मार्च
तांदळात सोंडे झाले. ओटीचे म्हणून फेकवेनात. कुंडीत मातीखाली पुरले. झाडाला खत झालं आणि माझ्या डोक्याचा ताप गेला.

४ एप्रिल
तीन नवी पानं, मुठी वळून वर आलेली. आणि आज बाळ पहिल्यांदा हललं! एकटीच हसले, एकटीच रडले.

११ एप्रिल
बोलता बोलता राधाबाईंना तांदळाचं सांगून बसले. त्यांनी हातातलं ताट खाली ठेवलं. म्हणाल्या, "ये क्या किया, बहू! पोराचा घास तिला दिलास. आता ओटी तिची. तिला सुकू नको देऊस." मला असा संताप आला की तोंडावर दार लावलं. म्हातारीचं डोकं फिरलंय.

१४ एप्रिल
मुद्दामच तीन दिवस पाणी घातलं नाही. पानांच्या कडा करपल्या. बाळ कालपासून हललेलं नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ठोके मंद आहेत, पडून राहा. घरी आल्या आल्या कुंडीत तांब्या रिकामा केला. अर्ध्या तासात पोटात लाथ बसली.

२ मे
लू सुटली आहे, इकडचा भाजणारा उन्हाळी वारा. दर तासाला पाणी शिंपडते. नवं पान अख्खं पांढरं. असल्या पानाला स्वतःचं अन्न करता येत नाही, ते दुसऱ्याच्या जिवावर जगतं. मला जेवण जात नाही. आरशात गाल बसलेत. तिचा इतका राग येतो, की— पण पाणी घालते.

७ मे
ह्यांना सांगितलं. सांगायला नको होतं. म्हणाले, झाडापायी वेड लागेल तुला, उद्याच उपटतो. पाया पडले. ऐकत नाहीत—

८ मे, सकाळी
ह्यांनी बाहेरून कडी लावलीय. राधाबाई ह्यांच्यावर ओरडताहेत, मधुसूदनभैया, मत उखाड़ो. खुरप्याचा आवाज— कळ आली— एक मूळ तुटलं, मला कळलं इथे आत— बाळ धडपडतंय, खूप जोरात— अहो, थांबा— अजून एक— आता हळू हलतंय— आता फक्त एका बाजूला— आता