सात नंबरच्या ट्रेमधलं हिमयुग

४ मार्च, सोमवार
मावशी, मावशी, मावशी! सकाळपासून नुसता जप चाललाय. मी इथे कुणाच्या आईची बहीण लागते? अठरा वर्षं या लॅबमध्ये मातीच्या कांड्या सांभाळतेय. जमिनीत पाइप ठोकून काढतात, मीटर-मीटरचे तुकडे करतात, उभे चिरून ट्रेमध्ये निजवतात. पुसायचं मी, उचलायचं मी, धुरळा खायचा मी. आणि हजेरीपटावर नावापुढे काय, तर ‘सफाई’. आज सरांना तोंडावर सांगितलं, मला असिस्टंट करा. सर म्हणाले, तुम्ही आधी सायन्सचं काहीतरी शिका.
शिकते. त्यात काय मोठंसं. उद्यापासून सायन्स, चहा दोनच कप, आणि चष्मेवालीशी वाद नाही.

५ मार्च, मंगळवार, दुपारी ३
चौथा कप चालू आहे. डोक्याचं काम म्हटल्यावर चहा लागणारच.
सायन्स झालं शिकून. चष्मेवालीने शिकवलं. ही सरांची विद्यार्थिनी, पीएचडी करते, वाऱ्याने उडेल अशी. राखाडी चिकणमाती आणि आत खडे, म्हणजे हिमयुग. बर्फाची लादी सरकत आली, दगड भरडले, टाकून गेली. काळी माती म्हणजे बर्फ हटला, झाडं आली, मुळं धरली. मग परत बर्फ, परत सगळं गाडलं. वर नवं, खाली जुनं. राखाडी मोजत जायचं. आपल्या कांड्यांत चार हिमयुगं. एवढ्यासाठी ही पोरगी सहा वर्षं शिकतेय. मला वीस मिनिटं लागली.

७ मार्च, गुरुवार
सात नंबरचा ट्रे पुसताना घसरला. टेबलच तिरकं आहे, माझा काही दोष नाही. कांडी बाहेर आली, पण अख्खी. काही पडलं तर हात लावायचा नाही, हाक मारायची, असा नियम आहे. तो नवख्यांसाठी. वरचा प्लास्टिकचा कागद मळला होता, फेकला. वरची बाजू कुठली ते दाखवणारा बाण त्यावरच होता म्हणा. पण बाण बघून काम करायला मी काय काल आलेय?
शेजारची सहा नंबरची कांडी, जमिनीत सातच्या वरची, शेवटाला काळी. सातचं एक टोक काळं, एक राखाडी. काळ्याला काळं लावलं तर सगळं एकच फासल्यासारखं दिसतं. राखाडी टोक वर घेतलं, काळं खाली. आता कशा पडद्यासारख्या पट्ट्या उठून दिसतात. कुणाला सांगण्यासारखं यात काही नाही.

११ मार्च, सोमवार
पाचवं हिमयुग सापडलं!
चष्मेवाली तापाने घरी. सर एकटेच फोटो काढत होते. सहा-सातच्या जोडापाशी थांबले आणि केवढ्याने ओरडले. काळी, राखाडी, काळी, राखाडी! मधली राखाडी आजवर सुटलीच कशी म्हणून खोदतानाची वही काढली. ती वही चष्मेवालीची, त्यात तिथे एकच जाड काळा थर लिहिलेला. सर म्हणाले, पोरीने चिखलात उभं राहून काहीतरी खरडलंय. मी म्हटलं, नंबर वाढला असेल चष्म्याचा. सर म्हणाले, मावशी, तुम्ही ट्रे इतका नीट ठेवलात म्हणून दिसलं, असिस्टंटसाठी मी शिफारस लिहितो.
घरी यांना सांगितलं. पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, कुठाय तो बर्फ? म्हटलं, वितळला. म्हणाले, मग सापडलं काय? अशा माणसाबरोबर सत्तावीस वर्षं काढली मी.

१५ मार्च, शुक्रवार
शिफारस टाइप झाली. सही झाली. ‘असिस्टंट’ हा शब्द मी स्वतः बोट ठेवून वाचला. पुढच्या महिन्यात सर मोठ्या परिषदेत पाचवं हिमयुग सांगणार.
चष्मेवाली बरी होऊन आली आणि सातवर भिंग धरून बसली. म्हणे, मावशी, या काळ्या मातीतली मुळं बघा, खाली जाड आणि वर बारीक, झाडं काय डोक्यावर उगवली होती? मी म्हटलं, एवढा बर्फ अंगावर येतोय म्हटल्यावर कुणीही गडबडेल. हसलीसुद्धा नाही. जळते. तिचे चार, सरांचे पाच.

१९ मार्च, मंगळवार
सरांनी तिला झाडलं. सहा वर्षांत माती वाचता येत नसेल तर थीसिस लिहूच नकोस, म्हणाले. जिन्यात बसून रडत होती. मी चहा नेला. नाक पुसत विचारते कशी, मावशी, खरं सांगा, सातला कुणी हात लावला का? म्हटलं, मी असताना कोण लावणार? खोटं काय त्यात? दुसऱ्या कुणी लावलेलाच नाही.
भाजी करपली आज. गॅस मोठा होता.

२० मार्च, बुधवार, सकाळी ११
भिंग घेतलं. नुसतं तिची जिरवायला.
मुळं उलटीच आहेत.
कांडी जरा फिरवून पाहिली. मुळं सरळ. काळ्याला काळं चिकटलं, एकच जाड थर झाला. पाचवं हिमयुग गेलं. परत फिरवली, आलं. परत फिरवली, गेलं. सर एवढे शिकलेले, त्यांच्या लक्षात यायला नको?

२१ मार्च, गुरुवार
सांगून टाकलं. सरांच्या खोलीत, चष्मेवालीच्या समोर. कांडी पडली, मी लावली, उलटी लागली, पोरीला बोलू नका. सरांनी शिफारस ड्रॉवरमध्ये टाकून कुलूप लावलं. फाडली नाही, म्हणजे विचार चालू आहे. चष्मेवालीने बाहेर येऊन माझा हात धरला. हिला कुणी सांगितलं होतं?
संध्याकाळी सरांच्या दाराखालून चिठ्ठी सरकवली. तीच इथे उतरवते:
‘सर, पाचाचे चार झाले त्यात माझी अठरा वर्षं कुठे कमी झाली? उलटी मुळं तुम्हाला दिसली नाहीत, मला दिसली. उशिरा दिसली, ते सोडा. ट्रेला हात लावू नका म्हणालात, नाही लावत. फरशी पुसते. पण असिस्टंट की सफाई, ते सोमवारी, २५ तारखेला, चार वाजेपर्यंत सांगा. लेखी द्या. तोंडी चालणार नाही.’