मृणालीला घेऊनच येईन

प्रिय रंजिता,

आईने फोनवर तुझ्या हळदीची तारीख सांगितली. ऐकून बरं वाटलं, खरंच. पण फोनवर माझं बोलणं रडण्यात जातं आणि तुझं घाईत, म्हणून लिहायला बसले. मृणाली फरशीवर वाट्या रचते आहे. मनोज ड्युटीवर गेलाय. मागच्या गल्लीतले कापडाचे लूम खडखडतायत, म्हणजे आमच्याकडे सगळं नेहमीसारखं आहे.

दिघाशीला तुझ्या साखरपुड्यात झालं ते तू विसरली नसशील. तुझ्या होणाऱ्या नणंदेच्या मुलाने मृणालीचा फुगा ओढला आणि ती त्याच्या मनगटाला कडकडून चावली. दात उमटले. चार वर्षांची होत आली, एक शब्द बोलत नाही आणि माणसांना चावते, अशी मांडवभर कुजबुज झाली. आई म्हणाली, मीच लाडावून ठेवलीय. कुणी मोबाईलला दोष दिला. मनोजच्या आत्याचं म्हणणं, घरात मराठी, शेजारच्या नसीमखालांकडे हिंदी, पोरीचा गोंधळ होणारच. मी घाबरून तिला खालांकडे पाठवणं बंद केलं. तर ती दिवसभर त्यांच्या दाराकडे बोट दाखवून आरडायची, आणि दमली की जमिनीवर डोकं आपटायची.

मग आम्ही तिचे कान तपासून घेतले. कान चांगले निघाले. तिथल्या डॉक्टरांनीच सुकन्या मॅडमकडे पाठवलं. त्या लहान मुलांना बोलायला मदत करतात. पहिल्या दिवशी मृणालीने त्यांचाही हात ओरबाडला. त्यांनी हात मागे घेतला, पण आवाज चढवला नाही. बराच वेळ तिच्याशी खेळल्या आणि मला म्हणाल्या, "हिला पुष्कळ कळतं, पण सांगता येत नाही. मग ती दातांनी सांगते." दोन भाषांनी काही बिघडत नाही, हेही त्यांनी सांगितलं. त्याच संध्याकाळी मी तिला खालांच्या दारात नेऊन सोडलं. खालांनी लगेच तिला उचलून आत नेलं.

आता मी तिला 'बोल, बोल' करत नाही. ती ज्याच्याकडे बघते त्याचं नाव मी घेते आणि थांबते. पाणी आणि दूध दोन्ही समोर धरते, तिने निवडलं की तेच देते. नको असेल तर तळहात पुढे करायला शिकवलं. सोपं नाही गं. मिक्सर लावला की अजून किंचाळते, परवा मनोजच्या खांद्याला चावली. पुढे आणखी तपासण्या आहेत. काय निघेल ते निघू दे.

पण गेल्या महिन्यात अंगणवाडीत एका मुलीने तिची खिचडीची ताटली ओढली. मी दारातच होते. धावत पोचेपर्यंत चावलीच असती. ती चावली नाही. तळहात पुढे केला आणि मोठ्याने म्हणाली, "न्हाय!" रंजिता, बाकीच्या पोरांच्या तोंडी पहिलं 'आई' येतं. माझ्या पोरीने पहिल्यांदा नकार दिला आणि मी तिथेच बसून हसत रडले. आता 'पानी' म्हणते, 'दे' म्हणते, खालांना 'खाला' म्हणते. मला अजून काहीच म्हणत नाही. म्हणेल.

एक गोष्ट मी मनोजलाही सांगितलेली नाही. साखरपुड्यात, त्या चावण्यानंतर, तुझ्या होणाऱ्या सासूबाईंनी विचारलं, "कोनाची गो ही पोर?" मी तुझ्या पाठीमागेच उभी होते. तू म्हणालीस, "शेजारची आहे." तू घाबरली होतीस, मला कळलं. म्हणून तेव्हा गप्प बसले.

आता आईकडून तुझा निरोप आलाय, लग्नाला ये पण मृणालीला मनोजपाशी ठेव. ते होणार नाही. हळदीला मी येईन, तिला कडेवर घेऊन येईन आणि पुढेच बसेन. ताशाला घाबरली तर बाहेर फिरवेन, शांत झाली की परत आणेन. तुझ्या सासरची, मानकोलीची माणसं पुन्हा विचारतील. त्याआधी तूच त्यांना सांग, ही माझ्या ताईची मुलगी. तुझ्या तोंडून आलं तर मला आवडेल. नाही आलं, तर तुझ्या सासूबाईंच्या शेजारी बसून मी सांगेन, आणि हसत सांगेन. तुझं लग्न मला बिघडवायचं नाही. पण माझी मुलगी लपवून मी कुणाच्याही मांडवात येणार नाही, तुझ्यासुद्धा.

तुझीच ताई,
आणि मृणालीची आई,
मेघाली